मळखाऊ

क्लबाचा इतिहास छापलाय, जाड पुठ्ठ्याचा.
पहिल्या पानावर रेव्हरंड ऑस्मंड लस्कम,
सन अठराशे चौऱ्याऐंशी, काखेत अंडाकृती चेंडू.
केझाया ट्रूड कुठेच नाही.

पाद्रीबुवांना जर्सी पांढरी हवी होती, आत्म्यासारखी.
केझायानं एवढंच विचारलं,
धुणार कोण?
हॅदरकोंबचं मैदान नदीला चिकटून.
ऑक्टोबरात गाळ घोट्यापर्यंत, जानेवारीत पोटरीपर्यंत,
डेव्हनचा तांबडा गाळ, सोड्याला न भिणारा,
उकळत्या पाण्यात आणखी खुलणारा.
मग ठरला हा रंग :
फार वेळ ठेवलेल्या चहाचा. मळखाऊ.
पुढे त्याच्यावरून मारामाऱ्या झाल्या,
कुणी तो शवपेटीवर पांघरून गेलं.
कुणी म्हणतं मातीचा रंग, कुणी म्हणतं कमावलेल्या कातड्याचा.
तो धुणावळीचा हिशेब आहे.

पंधरा जर्सी, आठवड्याला दोन शिलिंग.
हे जरा सावकाश वाचा,
कारण खेळणाऱ्याला तेव्हा एक फार्दिंग घ्यायची सोय नव्हती.
सद्गृहस्थांचा खेळ. पैशाला शिवला की बाटला.
जॉब चग चामड्याच्या कारखान्यात होता,
शनिवारची अर्धी मजुरी बुडायची.
कुणीतरी त्याच्या बुटात सहा शिलिंग ठेवले,
कुणीतरी ते जाऊन सांगितलं,
समितीनं नाव खोडलं.
तो उत्तरेला गेला, तिकडच्या तेरा जणांच्या खेळात,
परत आला नाही.
त्याची जर्सी केझायानं जमा केली नाही.
उजव्या खांद्याला रफू आहे. माझ्याकडे असते ती.

आणि तिचे दोन शिलिंग
दर सोमवारी, बिनबोभाट, वहीत.

केझायानंतर डॉर्कस, डॉर्कसनंतर इडा विकरी, इडानंतर मी.
आम्ही कुणी एकमेकींच्या नात्यातल्या नाही.
तांब्याचा हंडा तेवढा हातोहात आला.

पहिल्या युद्धात सामने बंद होते.
डॉर्कस तरी महिन्यातून एकदा सगळ्या जर्सी धुवायची,
कसर लागू नये म्हणून.
एकोणीसच्या सप्टेंबरात पुन्हा पंधरा जण उभे राहिले,
त्यांतल्या नऊ जणांना बाह्या लांब होत होत्या.

इडाला एकदा कॉलरीत दात सापडला.
पाकिटात घालून तिनं बँकेत नेऊन दिला,
खिडकीतून, पासबुकासारखा.

पंच्याण्णवच्या ऑगस्टात सांगण्यात आलं
की आता खेळ व्यावसायिक झाला, सगळ्यांना पगार.
डेझमंड पार्जिटर, कॅरॅव्हॅन विकणारा, खुर्चीवर चढून बोलला.
टाळ्या. मीही वाजवल्या.
पुढच्या सोमवारी ब्रिस्टलच्या लाँड्रीची गाडी आली.

मला फुलं मिळाली.

मग जर्सी पातळ झाली, छातीवर खिडक्यांच्या कंपनीचं नाव.
मैदानाखाली नळ्या आल्या, गवतात प्लास्टिकचे धागे.
मळ खायला मळच उरला नाही.
पण खोटं कशाला बोलू, खेळ देखणा झाला.
टोंगाहून आलेला सेमिसी चेंडू घेऊन पळाला
की बोटांतला चिमटा दोरीवर लावायचा राहून जाई.
हाच सेमिसी शनिवारी रात्री माझ्या दारात,
उद्या चॅपल आहे, एवढा शर्ट कडक करून द्याल?
पांढराशुभ्र. पाद्रीबुवांना हवा तसा.

शेवटचे तीन महिने कुणालाच पगार मिळाला नाही.
तरी खेळले.
म्हणजे शंभरावर वर्षांनी एकदाचे ते सद्गृहस्थ झाले.

येणेकऱ्यांच्या यादीत सरकार पहिलं,
मटण-पायवाला चाळिसावा, ब्रिस्टलची लाँड्री एकसष्टावी.
मी नाही. माझं कुणाकडे काही उरलेलं नव्हतं.

दिवाळं मोजायला आलेला मुलगा सभ्य होता,
बूट दाराबाहेर काढून आत आला.
विचारलं, क्लबाची काही मालमत्ता तुमच्याकडे?
मागच्या अंगणात दोरीवर ती वाळत होती,
वारा भरून खांदे फुगलेले,
रफू उन्हाकडे.
म्हटलं, क्लबाची नाही.
चगची आहे.
त्यानं खिडकीतून पाहिलं, पेनाचं टोपण लावलं,
आणि विचारलं, हा रंग मुळात कुठला हो?